फोटोतला फेटा

"बाई, यात दोर कुठाय?"

इरफान आतारनं फोटोच्या काचेवर बोट टेकवलं, तेव्हा मी त्याला आधी बोट काढायला सांगितलं. काच शाळेची, फोटो संस्थेचा, आणि मी त्या शाळेत शिक्षणसेवक. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं अर्ध्या पगारावर गप्प बसायचं आणि चौथ्या वर्षी कायम व्हायचं. माझं तिसरं वर्ष संपत आलं होतं आणि गप्प बसणं मला तेव्हाही फारसं जमत नव्हतं.

फोटो मी ऑफिसातल्या भिंतीवरून स्वतः स्टुलावर चढून काढून आणला होता. शिपाईमामांनी स्टूल धरलं, पण "पडला तर मी आज रजेवर होतो" असं आधीच सांगून ठेवलं. नववीचा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला होता.

आसरेवाडीत या फोटोला देवासारखा मान. छत्तीस सालचा. विहिरीच्या काठावर रावजी जगदाळे उभे, अंगात कोट, हातात चकचकीत पितळी घागर. समोर एक माणूस उकिडवा बसलेला, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरलेली. घागरीतून ओंजळीत पाण्याची धार. चौकटीवर रंगाने लिहिलेलं, 'रावजींनी गावची विहीर सर्वांस खुली केली.'

दरवर्षी एप्रिलात त्याची आठवण साजरी व्हायची. रावजींचे नातू नाना जगदाळे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. त्या दिवशी फोटो विहिरीवर नेऊन त्याला हार घालायचा, बौद्धवस्तीतल्या सगळ्यात वयस्क माणसाला पाटावर बसवायचं आणि नानांनी त्याच घागरीतून त्याच्या ओंजळीत पाणी घालायचं. मग लुगडं किंवा धोतर, नारळ आणि पाऊण तास भाषण. गावात या कार्यक्रमाला नुसतं 'ओंजळ' म्हणत. "ओंजळीला येणार का?" असं विचारत.

मी आदल्या मे महिन्यात पुण्याला एक प्रशिक्षण करून आले होते. इतिहास शिकवताना आधी त्या काळातली वस्तू मुलांसमोर ठेवायची, ती त्यांनी बघायची, प्रश्न विचारायचे, आणि पुस्तक सगळ्यात शेवटी उघडायचं, असं तिथे शिकवलं होतं. बाकीच्या शिक्षकांनी तिथला चहा बरा होता एवढंच लक्षात ठेवलं. मी मात्र आल्या आल्या मुलांना ही खोड लावली आणि पस्तावले. गैरहजेरी लागली की पोरं विचारायची, "मी गैरहजर होतो हे कोण सांगतंय?" पण 'समतेसाठी झालेले लढे' हा धडा आला. पुस्तकात सहा ओळी, आणि भिंतीवर आख्खा फोटो. म्हटलं, होऊन जाऊ दे.

"दोर नाही," केतकी म्हणाली, "आणि पोहराही नाही. विहीर खुली केली तर या माणसानं स्वतःच पाणी काढायला पाहिजे ना? हा खाली बसून का पितोय?"

केतकी नानांची नात. हे तिनं विचारलं म्हणून मी उठून वर्गाचं दार लोटून आले.

"भांडं तरी द्यायचं हातात," इरफान म्हणाला. "आमच्याकडं फकीर आला तरी पेला देतात."

"फोटोत माणसं दोन आणि नाव एकाचंच," आणखी कुणीतरी म्हणालं.

दोन वर्षं त्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या होत्या. विटाळ होऊ नये म्हणून वरून पाणी घालायचे, हे मी स्वतः परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आणि गाव तेच दरवर्षी हार घालून करत होतं, समता म्हणून! कुणाच्या मनात काही वाईट होतं असंही नाही. घागर घासायला नाना घरातल्या सुनेला सांगत, गड्याला नाही, इतकी श्रद्धा.

"बाई, याचा फेटा बघा की," सुमेध रणपिसे बराच वेळ फोटोवर वाकलेला होता. "असा कुणी बांधतं होय? एक कान झाकलाय, एक उघडा. मागं सोडलेला शेमला पण नाही."

"गरीब माणूस, मिळेल ते गुंडाळलं असेल," मी म्हणाले.

"तुम्ही बघितलं का, बाई?" इरफाननं विचारलं.

पस्तावले म्हटलं ते उगाच नाही.

"माझ्या चुलतआजीला विचारू," सुमेध म्हणाला. "ठमाआजी. तीच बसती ओंजळीला. ती तवा बारकी होती, पण गावातच होती."

शाळा सुटल्यावर फोटो कापडी पिशवीत घालून मी निघाले. इरफान, केतकी आणि सुमेध बरोबर. ठमाबाई रणपिसे दारात पाय पसरून घेवडा निवडत बसली होती. म्हातारी वाळकी, पण आवाज असा की पलीकडच्या आळीतलं कुत्रं उठून जाईल.

"आज्जे, आमच्या बाई आल्यात."

"दिसतंय की. आंधळी न्हाई झाले आजून." मग तिनं पिशवीतून निघालेला फोटो बघितला आणि घेवड्याची परात बाजूला सारली. "ह्यो कसा काय बाहीर आला? ओंजळीला तर टाइम हाय."

तिनं हात पदराला पुसले आणि फोटो मांडीवर घेतला. रावजींकडं बघितलंसुद्धा नाही. खाली बसलेल्या माणसावर तळहात ठेवला.

"आजी, या माणसाला ओळखता?" मी विचारलं.

"न वळखाया काय झालं? माझा बा हाय त्यो."

सुमेध उडालाच. "आज्जे! मला कधी बोलली न्हाईस!"

"तू कधी इचारलंस? तुला क्यारम पायजे. गावात बी कुनी इचारलं न्हाई. म्हनलं, आपून कशाला सांगा."

"यांनी फेटा असा का बांधलाय?" केतकीनं विचारलं.

"फेटा? कुठला फेटा, बाय? माझ्या आयचं लुगडं फाडून बांधलंय ते. डोस्कं फुटलं हुतं. रगात थांबंना."

मग तिनं सांगितलं. सांगताना घेवडा पुन्हा पुढ्यात ओढून घेतला, म्हणून ती बोलत असताना शेंगा मोडल्याचा आवाजही येत होता. उन्हाळ्यात वस्तीचा झरा आटला. तिचा बाप कोंडिबा, तिची आई आणि आणखी चार बायका दोर-घागरी घेऊन सरळ गावच्या विहिरीवर गेले आणि पाणी काढलं. ठमाबाई आईचा पदर धरून होती. दोन घागरी भरून झाल्या, तिसरी वर येत होती, तेवढ्यात गाव धावून आलं. दगड पडले. कोंडिबाच्या डोक्यात एक लागला आणि घागर दोरासकट विहिरीत गेली.

"आन दुसऱ्या दिशी तालुक्याचा सायेब चवकशीला येनार, असा सांगावा आला. लगी फोटूवाला बलावला. बाला म्हनले, हितं बस, वंजळ धर. बसला."

"का बसले पण?" इरफान चिडून म्हणाला.

"न बसून? घरात चार पोरं, गावाची चाकरी. तू बसला नसतास व्हय? आदल्या दिशी आमी काडलं, दुसऱ्या दिशी त्येनं वाडलं. फोटू दुसऱ्या दिशीचा हाय."

"दगड कुणी मारला?" केतकीनं विचारलं. आवाज अगदी बारीक.

ठमाबाईनं तिच्याकडं बघितलं. कुणाची पोर आहे ते तिला माहीत होतं. "लई मानसं हुती, बाय," ती म्हणाली आणि शेंग मोडली.

मला राहवलं नाही. "मग आजी, तुम्ही ओंजळीला बसता कशाला? ते लुगडं घ्यायला?"

"लुगडं बरं असतंय, न्हाई कशाला म्हनू. पर त्या दिशी फोटू बाहीर काडत्यात. विहिरीवर ठिवत्यात. पाटावर बसलं की म्होरंच दिसतो. बाकी वरीसभर तुमच्या हापिसात, तितं आमाला कोन सोडतंय? बाचा दुसरा फोटू न्हाई माझ्याकडं. पानी पडंस्तवर बगून घेते." तिनं काच पदरानं पुसली, नीट, कोपऱ्यापर्यंत. "नानाला दोन येळा मागितला. म्हनला, संस्थेचा हाय. मरायच्या आधी घरात लावायचा हुता एवडंच."

मला भडभडून आलं. पोरांसमोर रडायचं नाही म्हणून मी उगाच सुमेधला ओरडले, की चपला दारात नीट काढ.

दुसऱ्या दिवशी नानांनी बोलावलं. शाळेबाहेर फोटो गेल्याचं त्यांना रात्रीच कळलं होतं, कारण केतकीनं जेवताना घरी विचारलं होतं की ठमाआजींकडं दोर होता, मग आपल्या फोटोत का नाही.

नाना माणूस सभ्य. कधी आवाज चढवला नाही, कधी कुणाचा अपमान केला नाही. मला खुर्ची दिली, चहा दिला.

"गुरसाळे बाई, मुलं फार हुशार केलीत तुम्ही."

"मुळातच आहेत," मी म्हणाले. "नाना, तो खाली बसलेला माणूस ठमाबाईचा बाप आहे. तो फोटो त्यांना द्या. संस्थेला आपण त्याची कॉपी करून घेऊ."

"मूळ फोटो म्हणजे संस्थेचा मानबिंदू."

"मग कॉपी त्यांना द्या."

"आज कॉपी द्यायची. उद्या तिच्याखाली कोण काय लिहील, मी सांगू शकतो का?" नानांनी कपाटाकडं बघितलं. फोटो त्या कपाटात गेला होता आणि किल्ली त्यांच्या जानव्याला होती. "तुमचं तिसरं वर्ष ना, बाई? जूनमध्ये कायम करायचंय तुम्हाला."

"हो."

"अजून एप्रिलच आहे," नाना म्हणाले आणि बिस्किटांची बशी माझ्याकडं सरकवली.

मी बिस्कीट घेतलं. राग आला की मला भूक लागते.

मग नानांनीच विषय बदलला. त्या वर्षी गावानं जिल्ह्याच्या समता पुरस्कारासाठी अर्ज केला होता आणि ओंजळीलाच तपासणी समिती येणार होती. शाळेनं प्रदर्शन करावं असं त्यांचं म्हणणं.

"मुलांचे प्रश्न लावा. समितीला बरं वाटतं. उत्तरं मात्र नकोत, त्यात मतभेद होतात."

"फक्त प्रश्न?"

"फक्त प्रश्न."

मी वर्गात येऊन हे सांगितलं. इरफानला पटेना. "म्हणजे आपण घाबरलो का, बाई?"

"मी घाबरलेय," मी म्हणाले. "तुम्ही अक्षर चांगलं काढा."

ओंजळीच्या दिवशी विहिरीवर मांडव पडला. फोटो कपाटातून निघून हार घालून स्टुलावर बसला आणि त्याच्या मागं पांढऱ्या कागदावर इरफानचं टपोरं अक्षर. फोटोत दोर कुठे आहे? पोहरा कुठे आहे? हा माणूस खाली का बसला आहे? त्याचे नाव काय? त्याच्या डोक्याला काय बांधले आहे? नानांनी ते सगळे वाचून काढले आणि मान हलवली. प्रश्नच तर होते.

समितीच्या अध्यक्षा शिर्के मॅडम म्हणून होत्या. त्यांनीही ते वाचले. मग चष्मा काढून फोटोला नाक लावून बघितलं, आणि मागं येऊन खुर्चीत बसल्या त्या एकदम ताठ.

घागर आली. पाट मांडला. ठमाबाईला पुढं बोलावलं. ती चालत आली आणि पाटाजवळ उभी राहिली. फोटोकडं बघत.

"बसा, ठमाबाई," नाना म्हणाले.

"बसत न्हाई. गुडगं धरल्यात."

"अहो, क्षणभर. आधार देतो की."

"बसल्यावर उटवंल कोन? उब्यानंच पेते. पेला द्या."

आता पेला कुठून आणायचा? इतक्या वर्षांत पेला कधी लागलाच नव्हता. मुख्याध्यापक इकडं तिकडं बघायला लागले. टेबलावर नानांचा घरून आणलेला चांदीचा पेला होता, वर झाकण. नाना दुसऱ्या कुणाच्या भांड्यात पाणी पीत नसत, पोटाला बाधतं म्हणून. शिर्के मॅडमनी तोच उचलला, झाकण काढलं आणि "हा आहे की, द्या ना, आजी किती वेळ उभ्या राहतील" म्हणून ठमाबाईच्या हातात दिला. घागर नानांच्या हातात होती. ती त्यांनी वाकडी केली, पेला भरला.

ठमाबाई प्यायली. वरून नाही, ओठ लावून, सावकाश. अर्धा प्यायली आणि पेला नानांच्या पुढं केला.

"घे. आता तू पी. आन फोटूवाल्याला म्हनावं, काड आता फोटू."

तालुक्याचा फोटोवाला खरंच कॅमेरा घेऊन पुढं आला. त्याला काय, तो सांगितलेलं काढणारा. नाना हसले. हसून पेल्याकडं बघितलं. पेल्याच्या कडेला तंबाखूचा एवढासा कण चिकटला होता, तो पहिल्या रांगेतून मलाही दिसला.

"माझा आज उपवास आहे," नाना म्हणाले.

"पाण्याला काय हुतंय?" मागून कुणी बाई म्हणाली.

"निरंकार. पाणीसुद्धा नाही."

केतकी उभी राहिली. मी तिला शिकवलं नव्हतं, खरंच सांगते. तिच्या चेहऱ्यावर कसला आवेशसुद्धा नव्हता, बेरीज चुकली की ती जशी हात वर करते तशी उभी राहिली.

"आजोबा, सकाळी तुम्ही पोहे खाल्लेत. दोनदा घेतले."

नानांनी तिच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. "गुरसाळे बाई, मुलीला खाली बसवा."

आख्खा मांडव माझ्याकडं वळला. मुख्याध्यापक मला हातानं खाली-खाली करत होते. कायम नोकरी, क्वार्टर, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं एकदम आठवलं. आणि त्याच वेळी मला त्या माणसाचा असा काही संताप आला की बस्स.

"केतकी," मी म्हणाले, "मोठ्यानं सांग. मागं ऐकू गेलं नाही."

"पोहे खाल्ले!" केतकी ओरडली. "आणि चहा!"

कुणी हसलं नाही. नानांचा हात पेल्याकडं दोन बोटं पुढं आला आणि तिथंच राहिला. घाम कपाळावरून भुवयांत उतरला. मी त्यांच्याकडं बघत होते आणि मनातून म्हणत होते, घ्या हो, एक घोट घ्या, सुटा. खरंच म्हणत होते.

शेवटी ठमाबाईनंच पेला मागं घेतला.

"नगं तर नगं. बळजबरी न्हाई." तिनं उरलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं आणि पेला टेबलावर ठेवला. "मग माझा बा मला दे."

"काय?" शिर्के मॅडम म्हणाल्या.

"त्यो खाली बसलेला. माझा बा हाय, कोंडिबा नाव त्येचं. पानी पी न्हाईतर त्यो फोटू दे. दोनातलं एक कायतरी कर, नाना."

नानांनी एकदा पेल्याकडं बघितलं, एकदा फोटोकडं. आजोबांची पुण्याई, संस्थेचा मानबिंदू, पासष्ट-सत्तर वर्षांची गावची अब्रू. मला वाटलं, आता पितील. त्यांनी स्टुलावरचा फोटो उचलला आणि हारासकट ठमाबाईच्या हातात दिला. हातात म्हणजे, आधी तिनं बाजूला व्हावं आणि तो खाली पाटावर ठेवता यावा म्हणून थांबले, ती हलली नाही, मग दिला. टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी मुख्याध्यापकांनी वाजवल्या.

पुरस्कार त्या वर्षी आसरेवाडीलाच मिळाला. ऐतिहासिक ठेवा मूळ कुटुंबाला सन्मानपूर्वक परत केल्याबद्दल नानांचं पेपरात नाव आलं. शिर्के मॅडमनी म्हणे विरोध नोंदवला होता, पण समितीत त्या एकट्या पडल्या. फोटो नाही म्हणून पुढच्या वर्षीपासून ओंजळ बंद झाली. जूनमध्ये माझं पद 'विद्यार्थिसंख्येअभावी' कमी झालं. नववीत त्या वर्षी बाकं अपुरी पडत होती.

सामान टेम्पोत चढवून मी ठमाबाईला भेटायला गेले. फोटो चुलीच्या धुरापासून लांब, दाराच्या वर लावला होता. खाटेवरून नीट दिसेल असा. मला बघून ती उठली, मला बसवलं, गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

मी अजून धुमसत होते. रावजींच्या कोटाकडं बघून माझं डोकं फिरलं.

"आजी, मी हा तालुक्याला स्टुडिओत नेते. रावजीला कापून टाकते आणि तुमच्या वडिलांचा एकट्याचा मोठा करून आणते. उगाच घरात कशाला तो?"

"काय बी करू नगंस." ठमाबाईनं मला फोटोला हातसुद्धा लावू दिला नाही. "ऱ्हाऊ दे त्याला. त्येनंच दगड हानला हुता."

"रावजींनी? स्वतः? मग त्या दिवशी पोरांना सांगितलं का नाहीत?"

"ती पोर बसली हुती की म्होरं. तिच्या तोंडावर कसं सांगू?" ती पदरानं काच पुसायला लागली, दोघांच्याही अंगावरून, सारखीच. "सांगीन, थोडी मोटी हू दे. आन तू ह्येला कापून टाकलंस, तर तवा म्या बोट कुनाकडं दावू?"